ऊन उतरलं, दूधही उतरलं: नागपूरजवळच्या एका गोठ्याचं प्रकरण

१३ जूनच्या सकाळी फोन आला. "डॉक्टरसाहेब, नवतपा गेला, आभाळ आलं, ऊन कमी झालं. अन् दूध तर अजून कमी होऊन राहिलं. हे कसं काय जी?"

गोठा कळमेश्वर तालुक्यातला. मालक मुळात संत्र्याचे बागाईतदार, दुधाचा जोडधंदा सहा वर्षांपासूनचा. दावणीला एकूण चौदा जनावरं: दुधावर नऊ, भाकड तीन, कालवडी दोन. नऊपैकी आठ होल्स्टीन संकरित, एक जर्सी संकरित. होल्स्टीनमधल्या बहुतेक गाईंत विदेशी रक्त पाऊण हिश्श्याच्या वर असावं, असं अंगकाठी आणि रंगावरून वाटतं. कागद कुणाचेच नाहीत.

हा गोठा मला नवीन नव्हता. एप्रिलमध्ये मीच इथे बारीक धुकं सोडणारे फॉगर बसवायला सांगितलं होतं आणि पश्चिमेकडून येणाऱ्या झळा अडवायला पोत्यांचे ओले पडदेही मीच लावायला लावले होते. ते कधी काढायचे, हे मात्र मी सांगितलं नव्हतं. या प्रकरणातली निम्मी चूक ती आहे, म्हणून आधीच नोंदवतो.

मालकांच्या घरच्या वहिनींची दुधाची वही व्यवस्थित आहे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात नऊ गाईंचं दोन वेळचं दूध ११८ लिटर. मेच्या मध्यावर १०६. १२ जूनला ७९. डेअरीच्या पावतीवर फॅट ३.७ वरून ३.२ आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ८.५ वरून ८.२ वर आलेलं. गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ ही दराची पायरी धरली जाते. म्हणजे दूध घटलं आणि उरलेल्याला भावही कमी, असा दुहेरी मार.

आधी एक हिशेब करावा लागतो, कारण सगळी घट उन्हाच्या नावावर टाकणं बरोबर नाही. व्यायल्यानंतर दीड-दोन महिन्यांत गाय दुधाच्या शिखरावर पोचते आणि तिथून महिन्याला साधारण ८ ते १० टक्के उतरत जाते. त्या हिशेबाने मेच्या मध्यावरचे १०६ लिटर जूनच्या मध्याला ९६-९७ वर आलेच असते. वहीत मात्र ७९. जे १७-१८ लिटर खरोखर हरवले, त्यांचा शोध घ्यायचा होता.

दुपारी दोनला पोचलो तेव्हा गोठ्यात शिरताच चष्म्यावर बाष्प धरलं. फॉगर सुरू, तिन्ही बाजूंनी पडदे, आत पांढुरकं धुकं. गाई माना लांब करून, तोंड उघडं टाकून उभ्या. खालच्या ओठावरून लाळेची तार जमिनीपर्यंत. बसलेली एकही नाही. मी एकीच्या पाठीवर हात फिरवला. केसांच्या टोकांवर दवासारखे थेंब होते, पण बोट केसांत घातलं तर मुळाशी कातडी कोरडी आणि तापलेली. हात वर करून पत्र्याखाली धरला, तर चुलीसमोर धरावा तशी धग.

मग कुशीची हालचाल पाहत घड्याळ लावून श्वास मोजले. संकरित गाय आरामात असेल तर मिनिटाला तिसापासून पन्नासपर्यंत श्वास घेते. साठाच्या वर गेली की तिला उष्णतेचा त्रास होतोय असं मी धरतो. इथे होल्स्टीन गाई ८८ ते १०४ वर होत्या, जर्सी ७० वर. गुदद्वारातलं तापमान १०३.६ ते १०४.४ फॅरनहाइट. गाईचं नेहमीचं १०१.५ च्या आसपास असतं.

हा १०४ चा आकडाच आधी घात करून गेला होता. आठवडाभरापूर्वी दुसऱ्या कुणीतरी तो पाहिला, ताप समजून तीन दिवस इंजेक्शनं दिली, जोडीला कॅल्शियमच्या बाटल्या. संशय अगदीच चुकीचा नव्हता. उन्हाळ्यात गोचीड वाढतात आणि संकरित गाईंना गोचीडताप होतो, तो जीवघेणाही ठरतो. म्हणून मीही तो आधी बाजूला काढला. खांद्यापुढच्या गाठी सुजलेल्या नव्हत्या, डोळ्यांची आतली बाजू गुलाबी होती, दोन गाईंचे रक्ताचे नमुने तपासले तर स्वच्छ निघाले. कासदाहासाठी चारही सडांचं दूध पाहिलं. एका गाईचा एक सड संशयास्पद, बाकी ठीक. मग ज्या गाईचा ताप सर्वांत जास्त, तिला बाहेर कडुनिंबाखाली आणून पाइपने कातडीपर्यंत भिजवलं आणि घरातला फर्राटा पंखा समोर लावला. पंचवीस मिनिटांत १०४.४ वरून १०२.८. रोगाचा ताप असा पाण्याने उतरून खाली राहत नाही. हे अंगात साठलेलं ऊन होतं.

पण ऊन तर कमी झालं होतं. मालकांचा प्रश्न रास्तच होता.

माझ्या पेटीत दोन साधे थर्मामीटर असतात. एकाच्या फुग्याला कापसाची ओली वात गुंडाळायची, दुसरा कोरडा ठेवायचा. मेच्या २० तारखेला दुपारी याच गोठ्याबाहेर मी आकडे घेतले होते: कोरडा ४४ अंश, ओला २३. आज गोठ्याच्या आत कोरडा ३८, ओला २९. जनावराला जाणवणारा उष्मा मोजायचा एक जुना, सोपा मार्ग आहे. दोन्ही आकड्यांची बेरीज करा, तिला ०.७२ ने गुणा, त्यात ४०.६ मिळवा. याला तापमान-आर्द्रता निर्देशांक म्हणतात. तो ७२ च्या वर गेला की दुधाळ गाईला त्रास सुरू होतो, जास्त दुधाच्या गाईला तर ६८ पासूनच. आता बेरीज पाहा. ४४ आणि २३, ६७. ३८ आणि २९, तेही ६७. दोन्ही दिवशी निर्देशांक जवळपास ८९. कोरड्या थर्मामीटरवर तापमान सहा अंशांनी उतरलं होतं, गाईच्या अंगावरून काहीच उतरलं नव्हतं.

त्याहून महत्त्वाचा आकडा दोन थर्मामीटरमधल्या फरकाचा. पाणी उडवून हवा थंड करायची म्हटलं, तर ती जास्तीत जास्त ओल्या थर्मामीटरच्या आकड्यापर्यंत जाऊ शकते, त्याखाली नाही. मेमध्ये तो फरक २१ अंशांचा होता, म्हणून फॉगर आणि ओली पोती कामाची ठरली. जूनमध्ये फरक फक्त ९. फॉगर तेच, पाणी तेवढंच, पण हवेत ओल घ्यायला फारशी जागा उरली नव्हती. ते धुकं केसांच्या टोकांवर बसून राहिलं आणि कातडीभोवती दमट थर झाला. पडद्यांनी वारा अडवला, त्यामुळे चौदा जनावरांचा ओला श्वास आतच फिरत राहिला.

नागपूरकराला हे समजावून सांगावं लागू नये. आपल्याकडे पाऊस जवळ आला, हवा चिकचिकीत झाली की प्रत्येक घरात कूलरचं पाणी बंद होतं आणि नुसता पंखा चालतो. खिडक्या उघडतात. मालकांच्या घरातही त्या आठवड्यात तेच झालं होतं, कूलरचा मोटर पंप बंद होता. मी एवढंच म्हणालो, "भाऊ, घरातलं पाणी केव्हा बंद केलं?" ते गोठ्याकडे पाहत राहिले आणि उठून पडद्याची दोरी सोडायला लागले.

मालक दिवसाचं ऊन पाहत होते. वहिनींचं लक्ष रात्रीकडे होतं. त्या म्हणाल्या, "रातभर उभ्याच राहतात ह्या, डॉक्टर भाऊ. मी दोनदा उठून पाह्यलं. बसतच नाही." सगळ्या तपासणीत मला सर्वांत उपयोगी पडलेलं वाक्य हेच. दुधाळ गाय दिवसातले दहा-बारा तास बसून काढते, त्यात रवंथ करते. तापलेली गाय बसत नाही, कारण उभं राहिलं की पोटाखालूनही वारा लागतो. मेमध्ये दिवस कितीही भाजला तरी कोरड्या हवेत पहाटे थोडा उतार मिळतो आणि दिवसभराची साठलेली उष्णता गाय रात्री बाहेर टाकते. ढगाळ, दमट रात्री हे होत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी पुन्हा गेलो. श्वास ६२ ते ७४. सूर्य उगवायच्या आधीच गाय दमलेली.

आता दूध नेमकं कुठे जातं, ते सांगतो. गाईचं पोट म्हणजे पेटती भट्टी आहे. चारा कुजून पचताना उष्णता निघते आणि दूध तयार होतानाही निघते. अठरा लिटरवाली गाय आठ लिटरवालीपेक्षा आतूनच जास्त तापलेली असते. म्हणून या गोठ्यात सर्वांत मोठा फटका सर्वांत चांगल्या गाईला बसला, १८ वरून ११. आठवर असलेली म्हातारी गाय सातवर आली, इतकंच. गाय खाणं कमी करते ती भट्टीत लाकूड कमी घालावं म्हणून. पण घटीचा साधारण निम्मा भागच कमी खाण्याने समजतो. उरलेला शरीराच्या आतल्या बदलांमुळे होतो. सतत धापण्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ते सावरायला मूत्रपिंड बायकार्बोनेट बाहेर टाकतं. लाळ रवंथाबरोबर पोटात जायच्या ऐवजी जमिनीवर गळते, आणि पोटातलं आम्ल शमवायला लागणारा सोडा त्या लाळेतच असतो. घामातून पोटॅशियमही जातं.

अशा वेळी मालकांनी काय केलं? दूध वाढावं म्हणून सरकी ढेप आणि चुनीचं आंबोण पाच किलोवरून सात केलं. गाई कुटार, म्हणजे कोरडा भुसा, ओढत नव्हत्या, तर तेही कमी केलं. हेतू चांगला, परिणाम उलटा. आधीच लाळ वाया जाते, त्यात आंबोण जास्त आणि तंतू कमी, म्हणजे पोट आंबणारच. शेण पातळ, त्यात न पचलेले दाणे. रवंथ करणारी एक गाय सापडली, तिने एका घासाला ३६ वेळा चावलं. पन्नासाच्या वर असायला हवं. फॅट ३.२ वर का आलं, त्याचं उत्तर त्या शेणात होतं.

पाण्याचं तर फारच वाईट होतं. काळी टाकी पत्र्यावर, तिथून उघड्यावरून पाइप. दुपारी तीनला गव्हाणीत आलेल्या पाण्यात थर्मामीटर बुडवला, ४१ अंश. गाईच्या अंगापेक्षा गरम. शिवाय पाणी दिवसातून तीनदा, बादलीने. या हवेत अशा गाईला दिवसाला ८० ते १०० लिटर पाणी लागतं, आणि दुधातही सत्त्याऐंशी टक्के पाणीच असतं.

आणखी एक बाब. दुधातली घट त्याच दिवशी दिसत नाही, ऊन लागल्यावर दीड-दोन दिवसांनी दिसते. त्यामुळे मालक आजच्या दुधाचं कारण आजच्या हवेत शोधत होते आणि दरवेळी चुकत होते. "काल तर गार वारा होता, तरी आज दूध कमी," हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. ते परवाचं ऊन होतं.

१४ जूनपासून बदल सुरू केले. पडदे सगळे काढले. फॉगर बंद. बागेतले जुने मिनी स्प्रिंकलर आणि १६ मिलीमीटरची ठिबकची नळी घरातच पडलेली होती, ती गव्हाणीवर बांधली, म्हणजे खांद्यावर आणि पाठीवर मोठ्या थेंबांचं पाणी पडेल. दोन मिनिटं पाणी, मग बारा-तेरा मिनिटं नुसता पंखा, पुन्हा पाणी. कासेवरून पाणी ओघळेल इतकं भिजवायचं नाही, नाहीतर घाणीचं पाणी सडांवर येऊन कासदाह होतो. हवा दमट असताना हे कसं चालतं, असं मालकांनी विचारलं. फॉगर हवेला थंड करतो, हे कातडीला थंड करतं. कातडी पस्तिशीच्या घरात तापलेली असते, तिच्यावरचं पाणी दमट हवेतही उडतं. अट एकच, समोर जोराचा वारा हवा. पंख्याशिवाय नुसतं भिजवलं तर पुन्हा तेच दमट धुकं.

फर्राटा पंखे दोनच मिळाले. ते उत्तरेच्या ओळीतल्या चार गाईंना लावले. दक्षिणेच्या ओळीतल्या पाच गाईंना पहिला आठवडा फक्त पडदे काढणं, चारा आणि पाणी एवढंच मिळालं. ठरवून नाही, नाइलाजाने, पण त्यामुळे तुलना करता आली. सहा दिवसांनी, २० जूनला, उत्तरेच्या चार गाई ३४ लिटरवरून ४१ वर आल्या. दक्षिणेच्या पाच ४५ वरून ४७ वर. पंख्यासमोरच्या गाईंचे दुपारचे श्वास ६० ते ६८ वर आले होते, समोरच्या ओळीत अजून ८० च्या वर. २१ तारखेला तिसरा-चौथा पंखा आला, २४ ला दणकून पाऊस झाला. त्यानंतरच्या सुधारणेत पंख्याचं किती आणि पावसाचं किती, हे मी वेगळं काढू शकत नाही. ५ जुलैला एकूण दूध ८९ लिटर होतं. नैसर्गिक उतार धरला तर ते जवळपास जिथे असायला हवं तिथे आलं.

चाऱ्यात आंबोण पुन्हा पाच किलोवर आणून चार वेळांत वाटलं. गाईमागे दिवसाला १०० ग्रॅम खाण्याचा सोडा, ५० ग्रॅम मीठ आणि ५० ग्रॅम खनिज मिश्रण. कडब्याची कुट्टी आणि हिरवा मका मिसळून पहाटे साडेचार आणि रात्री आठनंतर. दुपारी गव्हाण रिकामी राहिली तरी चालेल, हे मालकांना पटायला दोन दिवस लागले. चाऱ्याची उष्णता खाल्ल्यावर काही तासांनी वर येते, ती दुपारी यायला नको. पाण्यासाठी कडुनिंबाखालचा जुना हौद साफ केला, पाइपवर ओली पोती गुंडाळली. पत्र्यावर चुना मारला आणि वर पऱ्हाट्या-तुराट्यांचा थर टाकला. कळमेश्वरात पऱ्हाट्यांना तोटा नाही. फॅट दहा दिवसांत ३.५ वर आलं.

मे महिन्यात तीन गाई भरवल्या होत्या, तिन्ही उलटल्या, म्हणजे गाभण राहिल्या नाहीत. त्याबद्दल फार लिहीत नाही, तापलेल्या शरीरात गर्भ पहिल्या काही दिवसांतच टिकत नाही. पुढच्या वर्षीची विणीची वेळ हिवाळ्याकडे सरकवायची, एवढं ठरवलं.

मालकांनी एकदा विचारलं, "मग ह्या काढून गवळाऊ घेऊ का?" गवळाऊ ही आपल्या वर्धा-नागपूरकडचीच जात. याच उन्हात ती तोंड मिटून रवंथ करत बसते, कारण तिची कातडी, घामाच्या ग्रंथी, गळ्याखालची लोंबती पोळी सगळं या मातीसाठी घडलेलं आहे. पण ती मुख्यतः बैलांसाठी जोपासलेली, दूध थोडं. कर्जाचा हप्ता नऊ गाईंच्या दुधावर असलेल्या माणसाला मी तो सल्ला देऊ शकलो नाही. पुढच्या रेतनात मात्र विदेशी रक्त आणखी वाढवायचं नाही, ५० ते ६२.५ टक्क्यांच्या आसपास ठेवायचं, हे त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. विदर्भात पाऊण-होल्स्टीनच्या वरची गाय आणून साध्या पत्र्याखाली बांधणं हा मला तिच्यावर अन्याय वाटतो.

आता ज्या गाईंकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, त्यांच्याविषयी. तीन भाकड गाई गोठ्याच्या मागे, पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेल्या उघड्या पत्र्याखाली होत्या. दूध देत नाहीत म्हणून त्यांना फॉगर नाही, पंखा नाही. मीही एप्रिलमध्ये तिकडे गेलो नव्हतो. विण्याआधीच्या शेवटच्या दोन महिन्यांत कास रिकामी दिसते, पण आत जुन्या पेशी जाऊन दूध करणाऱ्या नव्या पेशी तयार होत असतात. त्या काळात गाय तापली तर पेशीच कमी तयार होतात आणि मग विल्यावर कितीही थंड ठेवा, कितीही ढेप घाला, ते वेत कमीच राहतं. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे. पोटातली कालवड पुढे गाय झाल्यावर तीही दूध कमी देते, असं त्यांना आढळलं.

तिघींपैकी एक १९ जूनला व्यायली. एप्रिल-मे पूर्ण त्या पत्र्याखाली काढलेला. वासरू हलकं, उभं राहायला वेळ लागला. मागच्या वेताला ही गाय १५ लिटरच्या शिखराला गेली होती, यंदा ११ वर थांबली. तिच्यासाठी माझ्याकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

उरलेल्या दोघींना त्याच दिवशी पंख्याच्या ओळीत आणलं. एकीची तारीख ऑगस्टच्या शेवटी होती. वहिनींनी दुधाच्या वहीत तिच्यासाठी नवं पान केलं. दूध नाही म्हणून रकाने रिकामे न ठेवता रोज पहाटे आणि दुपारी तिचे श्वास मोजून लिहिले: ५२ आणि ७४, ४८ आणि ६६, ४० आणि ५८. २८ ऑगस्टला ती व्यायली, कालवड झाली. सहाव्या आठवड्यात त्या पानावर १३ लिटरची नोंद आहे, शेजारी पेन्सिलीने मागच्या वेताचा आकडा लिहिलेला, साडेतेरा.